कोकणचं चित्र घ्यायचंय? आधी भिंग, मग पाकीट

हॉलच्या भिंतीवर हर्णैच्या होड्या, भाताची खाचरं किंवा पावसातली कौलारू वाडी लावायची ठरवलीत, तर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, हे नेमकं आहे काय? हातानं रंगवलेलं चित्र? लाकूड, लिनो किंवा धातूच्या ठशावरून कलाकारानं काढलेली छाप, म्हणजे मुद्राचित्र? की मूळ चित्राचा फोटो काढून इंकजेटवर मारलेली प्रत? काचेमागे तिन्ही सारखीच दिसतात. खर्च मात्र तिसरीला सगळ्यांत कमी येतो, आणि ‘लिमिटेड एडिशन’, ‘जिक्ले’, ‘कॅनव्हास आर्ट’ अशी भारदस्त नावं दुकानात तिलाच मिळतात. प्रत घेण्यात वाईट काही नाही. ती मूळ चित्राच्या भावानं घेऊ नका, एवढंच.

खिशात छोटं भिंग ठेवा. रंगात निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसले की ते मशीनचं काम. लिनोकट किंवा वुडकटमध्ये शाई सपाट बसते आणि बऱ्याचदा कागदाच्या मागच्या बाजूला दाब हाताला लागतो. एचिंगमध्ये चित्राभोवती धातूच्या पत्र्याच्या कडेची खोलगट चौकट उमटते. कॅनव्हासबाबत जास्त सावध राहा. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ‘हँडपेंटेड’ म्हणून विकतात. तिरक्या उजेडात बघा. होडीची कड एकीकडे आणि ब्रशचा फटकारा भलतीकडे चालला असेल, तर पुढे चला.

मुद्राचित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं डावीकडे १२/५० असा आकडा आणि उजवीकडे सही असते. एकूण पन्नास छापा, त्यांतली ही बारावी. ‘एपी’ लिहिलं असेल तर ती कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत. ‘पहिला नंबर आहे, म्हणून जास्त’ हे ऐकून घेऊ नका. आकडे छपाईच्याच क्रमानं पडतात असं नाही. त्यापेक्षा हे विचारा: हेच चित्र दुसऱ्या आकारात वेगळी आवृत्ती म्हणून काढलंय का? ठसा रद्द केलाय का, म्हणजे त्यावरून पुन्हा छापता येणार नाही ना?

कुठे बघाल? मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनापासून सुरुवात करा. वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश फुकट. प्रदर्शनं बहुधा मंगळवार ते सोमवार चालतात. मंगळवारी निवड मोठी मिळते. सोमवारी कलाकार आवराआवरीच्या तयारीत असतो, म्हणून भाव बोलायला तो दिवस बरा. चित्र आवडलं तर आगाऊ रक्कम देऊन लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, लावून घ्या. चित्र हातात येईल ते प्रदर्शन संपल्यावर. बाहेरच्या पदपथावर चित्रकार स्वतःच विकायला बसतात, तिथे मधला माणूस नसतो. मुद्राचित्रं स्वस्तात हवी असतील तर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. विद्यार्थ्याची छोटी छाप दोन-तीन हजारांत मिळून जाते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात डोकावत राहा.

किमतीचा हिशेब बरेच चित्रकार चौरस इंचावर करतात. २४ गुणिले ३६ इंच म्हणजे ८६४ चौरस इंच. दर ३० रुपये सांगितला तर २५,९२० रुपये. हा दर विचारायला लाजू नका, त्याच चित्रकाराच्या दोन चित्रांची तुलना त्यानंच होते. खासगी गॅलरीत किमतीचा तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतचा भाग गॅलरीचा असू शकतो. थोडी सूट मागायला तिथे जागा असते. गॅलरीतून नाव टिपून चित्रकाराला परस्पर गाठायचा ‘शॉर्टकट’ मात्र नको. चित्रकाराचे गॅलरीशी संबंध बिघडतात, आणि तुम्हाला धड बिलही मिळत नाही.

आता लपलेल्या खर्चाचे खड्डे. पहिला कराचा. मूळ चित्रं आणि मूळ मुद्राचित्रं यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुनाच दर लावला तर बोट ठेवा. नोंदणी नसलेल्या चित्रकाराला जीएसटी लावताच येत नाही, म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक बघा.

फ्रेम हा दुसरा खड्डा. तीन हजारांच्या छापेला नीट फ्रेम केली तर फ्रेमच तेवढ्याची होते. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित मागा, साध्या पुठ्ठ्यानं कागद पिवळा पडतो. काच कागदाला टेकता कामा नये, पावसाळ्यात चिकटते आणि बुरशी धरते. चित्र पाठीमागून पूर्ण चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवलं की पुरे. माझ्या एका लिनोकटची खालची पट्टी फ्रेमवाल्यानं ‘नीट बसावं म्हणून’ कापून टाकली. सही आणि आकडा त्याच पट्टीवर होते! तेव्हापासून मी पावतीवर ‘कागद कापू नये’ असं लिहून घेतो. तुम्हीही घ्या.

तिसरा खड्डा कुरिअरचा. हलकं पण मोठं पार्सल असेल तर वजनाऐवजी आकारमान धरतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि सहसा ५,०००नं भागायचं. ताणलेल्या २४ बाय ३६च्या कॅनव्हासची पेटी १०५ × ७५ × १५ झाली, तर प्रत्यक्ष वजन कितीही कमी असो, पैसे साडेतेवीस किलोंहून जास्तीचे. तोच कॅनव्हास नळीत (७५ × १२ × १२) गुंडाळून आला तर दोन किलोंच्या आसपास. पुन्हा ताणून घेण्याचा खर्च धरूनही बऱ्याचदा हेच परवडतं. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायला सांगा, मात्र जाड थराचं तैलचित्र गुंडाळू देऊ नका.

कागदपत्रं दोन: बिल आणि कलाकाराच्या सहीचं, चित्राचा फोटो लावलेलं प्रमाणपत्र. बिलावर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि छाप असेल तर आवृत्तीचा आकडा हवा. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा जास्त रोख घेणं विक्रेत्याला कायद्यानं बंद आहे. ‘रोख द्या, बिल सोडा’ म्हणणाऱ्याकडे हे दोन्ही विषय काढून बघा. प्रल्हाद धोंडांसारख्या दिवंगत चित्रकाराचं समुद्रचित्र कुणी अर्ध्या भावात देत असेल, तर मालकीची साखळी कागदावर मागा. साखळी नसेल तर हात लावू नका.

चित्र तुमचं झालं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, म्हणून दुकानाच्या कॅलेंडरवर ते छापायचं तर लेखी परवानगी हवी. मुद्दाम सांगून, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचं उलट आहे. वेगळा करार नसेल तर कॉपीराइट तुमचा. पुढे विकलंत तर नफ्यावर कर आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ जवळ असेल तर साडेबारा टक्के, अधिक उपकर. तेव्हा बिल लागेल, फेकू नका.

परदेशातल्या भावंडांना पाठवायचंय? आजच्या चित्रकाराचं काम बिलासह बिनधास्त पाठवा. माळ्यावर सापडलेलं जुनं चित्र किंवा छापील तसबीर मात्र १०० वर्षांची झाली असेल तर ती पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही. वय नक्की माहीत नसेल, तर तिकीट काढण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या.