पुतळ्याखाली कोण बसतं?

आयुष्यभर चित्रकलेचा मास्तर. त्यामुळे पाथर्डीत किंवा आसपासच्या गावात चौकाचं सुशोभीकरण निघालं की 'सर, जरा बघून जा' असा निरोप यायचा. त्यातून पटलेल्या गोष्टी अशा.

१. आधी ऊन बघावं. एप्रिल-मेच्या दुपारी आमचे चौक ओस पडतात आणि माणसं दुकानांच्या पत्र्याखाली सरकतात. मढी-मोहट्याचे भाविक, तिसगाव-खरवंडीकडून बाजाराला आलेली मंडळी, सगळे सावली धरून एसटीची वाट बघतात. चौथऱ्याभोवती स्टीलची ग्रील आणि हिरवळ केली तर तिथं कुणी टेकत नाही. हिरवळ पहिल्याच टंचाईत जळते. दोन कडुनिंब आणि दगडी कट्टा असला की तिथं माणूस बसतो, आणि बसला तरच पुतळ्याकडे बघतो.

२. उंची विषयावरून ठरवावी, वर्गणीच्या आकड्यावरून नाही. शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी पुण्यातला अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा १९२८ साली घडवला. तो साडेतेरा फूट उंच, माझगाव डॉकमध्ये ओतलेला; मान वर करूनच बघावा असा. त्याच माणसाच्या अलिबागजवळच्या सासवण्यातल्या घरी, आताच्या शिल्पालयात, सिमेंटची म्हैस बसलेली आहे. जवळ गेल्यावर तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो. हीच म्हैस दहा फुटी चौथऱ्यावर चढवली असती तर हसं झालं असतं. कुठं मान वर करायला लावायची आणि कुठं शेजारी बसवायचं, हे त्यांना कळत होतं. गावोगावच्या मारुतीपुढचे वीरगळही जमिनीलगतच असतात. गुरं त्यांना अंग घासतात, बाया शेंदूर लावतात, आणि देणगीदारांच्या नावांची फरशी नसूनही ते टिकलेत.

३. माती ओली असताना जावं. पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते. समितीची मंडळी मात्र बहुतेक वेळा पुतळा नीट बघतात तो थेट अनावरणाला. मातीत नाक, खांदा, घोड्याचा पाय बसल्या जागी बदलता येतो. ब्राँझ ओतल्यावर कापून जोडावं लागतं. आणि स्टुडिओत गेल्यावर चक्क खाली बसून बघावं. तिथं चेहरा समोर दिसतो, चौकात तो खालून दिसणार असतो. छान वाटलेल्या चेहऱ्याची नुसती हनुवटी आणि नाकपुड्या उरल्याचं मी पाहिलंय.

४. पोटात काय आहे ते विचारावं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नंतर गंज, वेल्डिंग, कमकुवत सांगाडा अशी चर्चा झाली. आमच्याकडे खारा वारा नाही, पण ऊन फायबरच्या पुतळ्याला सोडत नाही. वरचा सोनेरी रंग आधी उडतो.

५. रस्त्याच्या मधोमध नको. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात रस्ते आणि पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं बजावलंय. तसंही कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरच्या ट्रकमधून वाट काढत पुतळ्यापाशी कोण जाणार?

६. नेत्यांपलीकडेही माणसं आहेत. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. त्यांना नावं नाहीत, म्हणून काही अडलं नाही. मुंबईतल्याच काळा घोडा परिसराची गोष्ट तर गमतीची. काळ्या घोड्यावर स्वार असलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, पण जागेचं नाव काळा घोडाच राहिलं. २०१७ मध्ये तिथं नवा घोडा आला, तो स्वाराविनाच. लोकांनी राजा विसरून घोडा लक्षात ठेवला.

आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई आणि कोयता टेकवून उभा नवरा, माणसाएवढेच, स्टँडच्या बाजूला कट्ट्यालगत बसवावेत, असं मी एका बैठकीत सुचवलं. क्षणभर शांतता. मग एकानं विचारलं, "पण सर, यांची जयंती कधी धरायची?"

"टोळ्या निघतात त्या दिवशी," मी म्हणालो. सगळे हसले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली: चौकात फ्लेक्स लावायला जागा कुठं ठेवायची.