कार्ट्रिज अडलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका

जुन्या छापखान्यांच्या आणि बंद झालेल्या डीटीपी सेंटरांच्या कपाटांत सायक्वेस्टची, जॅझची, म्हणजे संगणकातल्या फायली साठवायची कार्ट्रिजं अजून पडलेली असतात. दिवाळी अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ असं बरंच काही त्यांत आहे. कुणी ती आता उघडायला निघालं असेल, तर कळकळीची विनंती: एका ड्राइव्हमध्ये कार्ट्रिज चाललं नाही, तर ते लगेच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहू नका.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात डीटीपीचं काम करायचो. फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावायचे आणि ए-फोर आकाराच्या रंगीत मुखपृष्ठाची फाइल ३० मेगाबाइटच्या पुढे जायची. फिल्म काढायला ती आउटपुट सेंटरला न्यायची तर सायक्वेस्टचं ४४ किंवा ८८ मेगाबाइटचं कार्ट्रिज हाताशी लागे. सव्वापाच इंची, जाडजूड, आत एकच चकचकीत चकती. काम झालं की बटण दाबायचं, चकतीची घरघर पूर्ण थांबू द्यायची आणि मगच खटका फिरवून कार्ट्रिज बाहेर ओढायचं. घाईतली माणसं घरघर थांबायच्या आत खटक्याला हात घालायची, आणि तिथूनच पुष्कळ दुखणी सुरू व्हायची.

नेहमीच्या हार्ड डिस्कमध्ये चकती आणि तिच्यावरून फिरणारं हेड एकाच बंद पेटीत असतं. इथे चकती कार्ट्रिजमध्ये आणि हेड ड्राइव्हमध्ये. हेड चकतीला टेकत नाही. मायक्रॉनभरही नाही एवढ्या अंतरावर हवेच्या थरावर तरंगतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून धुळीच्या कणाचा हिशोब करा. कार्ट्रिज आत जाताना त्याची झडप उघडते, तेव्हा ही धूळ आत शिरते. कण हेडखाली सापडला की चकतीवर ओरखडा उठतो, आणि त्या ओरखड्याची उठलेली कड पुढे हेडलाच इजा करते.

एका आउटपुट सेंटरवर हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. दिवाळी अंकांचे दिवस, रात्रीची गर्दी. एका गिऱ्हाइकाचं कार्ट्रिज आत गेलं, टक्‌टक् आवाज येऊ लागला, स्क्रीनवर काही उमटेना. ऑपरेटरनं ते काढून शेजारच्या ड्राइव्हमध्ये घातलं. तिथेही टक्‌टक्. मग पहिला ड्राइव्ह तरी ठीक आहे का, हे पाहायला दुसऱ्या गिऱ्हाइकाचं, तोवर व्यवस्थित चालणारं कार्ट्रिज त्यात घातलं. तेही गेलं. खराब चकतीनं दोन्ही ड्राइव्हची हेडं बिघडवली होती आणि बिघडलेल्या हेडनं चांगली चकती खरवडली होती. साथीचा रोग पसरावा तशी ही लागण पसरते. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची अख्ख्या अंकाची पानं त्या कार्ट्रिजवर होती; संगणकात जागा नाही म्हणून तिथून पुसलेली. बटर पेपरवरच्या प्रिंट पाहून सगळा मजकूर नव्यानं टाइप करावा लागला. कार्ट्रिजवर टाकलं आणि संगणकावरून काढलं, याला मी बॅकअप म्हणायला तयार नाही. ते नुसतं स्थलांतर. एकाच वेळी दोन ठिकाणी असेल तोच बॅकअप.

आयोमेगाच्या झिप ड्राइव्हचा असाच आवाज ‘क्लिक ऑफ डेथ’ म्हणून जगभर गाजला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी दावाही लावला.

टक्‌टक् ऐकू आली की वीज बंद करा. कार्ट्रिज बाजूला ठेवा, आणि ड्राइव्हही. त्यात दुसरं काही घालायचं नाही. मजकूर मोलाचा असेल तर दोन्ही डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. कोणताही ड्राइव्ह वापरायला घेण्याआधी तो धडधाकट आहे का, हे नेहमी रिकाम्या कार्ट्रिजवर तपासावं. मात्र आवाज न येता कार्ट्रिज नुसतं दिसतच नसेल, तर संशय जोडणीवर घ्या: ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या स्कझीच्या साखळीच्या टोकाला टर्मिनेटर नसेल किंवा दोन यंत्रांचा आयडी एकच असेल, तरी असं होतं. आणि वाचू लागलं की एकेक फाइल उघडून आठवणींत रमू नका. डीडीरेस्क्यूसारख्या साधनानं सबंध चकतीची इमेज आधी काढा; ते चांगले भाग अगोदर उचलतं आणि अडलेल्या भागांकडे नंतर वळतं.

ड्राइव्ह मिळणंच आता कठीण आहे. सायक्वेस्ट नोव्हेंबर १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे संस्थापक सय्यद इफ्तिकार यांनी कॅसलवुड कंपनी काढून २.२ गिगाबाइटचा ऑर्ब आणला, तोही टिकला नाही. आयोमेगाचा जॅझही थांबला. आज मिळणाऱ्या आरडीएक्स कार्ट्रिजमध्ये हेडसकट बंद डिस्क असते, त्यामुळे ही लागण तिथे होत नाही. तरी आरडीएक्स बाजारात आहे तोवरच पुढच्या साधनावर जायची तयारी ठेवलेली बरी.

मराठी मजकुराचं दुखणं याहून वेगळं. त्या काळच्या पेजमेकर फायली श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटांत आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. फाइल सुखरूप निघाली तरी फाँट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणून फाँटांचं फोल्डर, सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या आणि हार्डवेअर लॉक सांभाळा. जुना संगणक चालू असेल तर भंगारात द्यायच्या आधी त्याच्यावरच पानांच्या पीडीएफ करून घ्या, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलल्यावर त्या पीडीएफशी ओळ न् ओळ ताडून पाहा. रफार आणि जोडाक्षरं या बदलात हटकून चुकतात, तेव्हा वाचायला मुद्रितशोधकच बसवा.