बुडीत खाते नव्हे

‘मूत्रपिंडे तर गेलीच, आता विडी सोडून काय मिळणार?’ निपाणीचे माझे मामा डायलिसिसहून परतताना हे विचारतात आणि घरात सारे गप्प होतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न जमाखर्चाचा वाटला. तो येथे मांडतो.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास राबतात. आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास डायलिसिस म्हणजे अवघे १२ तास. एवढ्या वेळात रक्त शुद्ध व्हायचे, तर ते यंत्राकडे वेगाने वाहिले पाहिजे. त्यासाठी हातातील रोहिणी शस्त्रक्रियेने नीलेला जोडतात. हा फिस्टुला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया व चिमिनो या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह ही पद्धत मांडली. रोहिणीच्या दाबाने नीला काही आठवड्यांत रुंद व जाड होते आणि सुया टोचण्याजोगी बनते.

आता नावेची बाजू पाहू. पहिले कलम : निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, धुराने त्यांचे अस्तर बिघडते, रक्त लवकर गोठते. ज्या वाटेने उपचार व्हायचा, ती वाटच अडण्याचा धोका वाढतो. दुसरे कलम : रक्तपेशींच्या वाढीला लागणारे संप्रेरक मूत्रपिंडे बनवितात, ती निकामी झाली की रक्तक्षय होतो. जे हिमोग्लोबिन उरते, त्यावरील प्राणवायूची जागा धुरातील कार्बन मोनॉक्साइड बळकावतो. आधीच तुटीचे खाते, त्यात ही उचल! तिसरे कलम सर्वांत जड : डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार हे आहे आणि धूम्रपान त्याला हातभार लावते.

जमेची बाजूही आहे. डायलिसिस चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा ते सोडलेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आहे. म्हणजे हे खाते बुडीत नव्हे. आजही त्यात भरणा करता येतो.

मामांच्या डाव्या हाताचा फिस्टुला बंद पडला. तो विडीनेच बंद पडला असे डॉक्टर म्हणाले नाहीत. ‘उजवा जपा’ एवढेच म्हणाले. पण विडी सोडणे सोपे नाही. मामी विड्या वळते. त्या मजुरीवर घर चालते, तंबाखूचे सूप समोरच असते. गेल्या रविवारी मी हा हिशेब मामांना वाचून दाखविला. ते बराच वेळ उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग मामीने काही न बोलता सूप उचलले आणि ती शेजारच्या ओसरीवर जाऊन बसली.