पेटंट आधी की उत्पादन आधी?

प्रश्न : आम्ही कांदा प्रतवारीचे छोटे यंत्र बनवले आहे. पेटंटवर खर्च करावा, की तो पैसा उत्पादनात घालावा?

उत्तर : यंत्र प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करा. शोध एकदा जाहीर झाला की कायद्याच्या नजरेत त्याचे नावीन्य सहसा संपते. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केला, तर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. तेवढ्यात यंत्राला गिऱ्हाईक आहे की नाही, हे कळते. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपये आहे, मोठ्या कंपनीला 8,000. खरा खर्च मसुदा लिहून घेण्याचा आणि पुढे हक्क टिकवण्याचा. कोर्टात लढायची ऐपत नसेल तर या कागदाचा उपयोग काय, ही शंका रास्त आहे, पण अपुरी. यंत्र बनवण्याचे हक्क दुसऱ्याला देताना किंवा गुंतवणूकदारासमोर बसताना तोच कागद तुमच्या बाजूने बोलतो. मात्र पेटंट म्हणजे विक्रीचा परवाना नव्हे. यंत्रातला एखादा भाग दुसऱ्याच्या चालू पेटंटात येत असेल, तर तुमचेच उत्पादन अडू शकते, आणि नवे उद्योग नेमके इथेच गाफील राहतात. म्हणून साचे बनवायला टाकण्याआधी जुनी पेटंटे तपासून घ्या. नावाची ट्रेडमार्क नोंदणीही लांबवू नका : पेटंट 20 वर्षांत संपते, ट्रेडमार्क दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येतो.