तांबं गेलं कुठे?

आमचं साक्कोट्टै कुंभकोणमला लागूनच. कुंभकोणम म्हटलं की पितळेचे दिवे, भांडी, कॉफीचा डबरा-टंबलर. पितळ ॲसिडात बुडवून उजळलं की धुवणात तांबं आणि जस्त उतरतं. ते धुवण समुद्री शेवाळातून गाळताना जे शिकलो, ते असं.

१. शेवाळ तपकिरी घ्या. हिरवं उल्वा दिसायला देखणं, पण तांबं-शिसं धरायला सारगासम, टर्बिनेरिया सरस. त्यांच्यातल्या अल्जिनेटला कॅल्शियम चिकटलेलं असतं. तांबं आलं की कॅल्शियम जागा सोडतं. हे काम मेलेलं, वाळकं शेवाळही करतं. म्हणून मंडपमकडे किनाऱ्याला वाहून आलेलंच गोळा करावं. मन्नारच्या आखातातली बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तिथलं उपटायचं नाही.

२. पीठ करू नका. पूड गाळणाच्या नळीत फुगते, बुळबुळीत लगदा होतो आणि पाणी तुंबतं. दाणा जाड रव्याएवढा ठेवा, आधी कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात भिजवा. बुळबुळ बरीच कमी होते.

३. पीएच चार-पाचच्या आसपास हवा. पाणी फार आंबट असलं तर हायड्रोजनच सगळ्या जागा अडवून बसतो. प्लेटिंगमधल्या सहा संयुजेच्या क्रोमियमचं मात्र उलट, त्याला पीएच दोनच्या जवळ लागतो. सगळी धुवणं एकाच टाकीत ओतणाऱ्यांना म्हणूनच मी लांबून नमस्कार करतो.

४. डोळ्यांवर विश्वास नको. वरून ओतलेलं निळं पाणी खालून नितळ पडलं की बघणारे खूश होतात. पण पिण्याच्या पाण्यात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, आणि निळेपणा त्याच्या कितीतरी आधीच दिसेनासा होतो. यंत्रावर मोजल्याशिवाय बोलू नये.

५. एका पितळकाम करणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, “सार, मग तांबं गेलं कुठे?” कुठेच नाही. त्याच शेवाळावरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की खालून निळं पाणी येतं, पहिल्यापेक्षा गडद. शेवाळ पुन्हा वापरता येतं, पण दर फेरीला थोडं झिजतं. थकलेलं शेवाळ खत समजून भाताच्या शेतात टाकलं, तर केलेलं सगळं पाण्यात. कुणाला असं गाळण बसवायचं असेल, तर शेवाळाची पोती आणण्याआधी त्या गडद निळ्या पाण्यातलं तांबं घेणारं गिऱ्हाईक शोधा.