चूक सांगता आली पाहिजे

चि. माऊ हिस अनेक आशीर्वाद.

नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून रुजू झालीस आणि पहिल्या वर्षाचं वॉर्ड पोस्टिंग तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. बी.एस्सी.च्या आठ सेमिस्टरांत तू या मुलांना पुष्कळ शिकवशील. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून जप. झालेली चूक तुला येऊन सांगायची त्यांना भीती वाटता कामा नये.

वापरलेली सुई टोचली की धास्तावलेली मुलगी बोट मुठीत लपवते आणि गप्प राहते. खरं तर बोट न पिळता लगेच साबण-पाण्याने धुवायचं आणि तिथल्या तिथे कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल, तर ते पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, फार तर 72 तासांच्या आत. तुझ्या धाकापायी हा वेळ वाया जायला नको.

म्हणून पेशंटसमोर कुणालाही रागावू नकोस. पेशंटचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि तिचा स्वतःवरचा. हात चुकतोय असं दिसलं, तर शांतपणे पुढे होऊन प्रोसिजर तू पूर्ण कर. काय चुकलं ते नंतर बाजूला नेऊन सांग आणि मॅनिकिनवर पुन्हा करून घे. सूट मात्र देऊ नकोस. न केलेल्या प्रोसिजरवर लॉगबुकात सही करणं ही माया नव्हे.

मराठी माध्यमातून आलेली मुलं अ‍ॅनाटॉमीच्या तासाला मान खाली घालून बसतात. हृदयातून रक्त कसं फिरतं, ते त्यांना आधी मराठीत सांगू दे. पुष्कळदा समजलेलं असतं, अडतं ते इंग्रजीपाशी.

वॉर्डातला पहिला मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थ्याकडे त्या दिवशी केअर प्लॅन मागू नकोस. जेवलास का, ते विचार आणि त्याला बोलू दे. मुलगा रडत नाही म्हणजे त्याला काहीच वाटलं नाही, असं धरू नकोस.

दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण. तेवढ्यांवरही एकटीची नजर पुरत नाही. इन्चार्ज सिस्टरांना आधी भेट आणि कोणाला कोणता पेशंट द्यायचा ते ठरवून घे, नाहीतर मुलांचा दिवस सामानाची ने-आण करण्यातच जातो.

कुणी आपणहून येऊन 'मॅडम, माझं चुकलं' म्हणाली, तर आधी पेशंट बघ. मग सांगितल्याबद्दल तिला शाबासकी दे, आणि चूक कुठे झाली ते तिच्याच तोंडून काढून घे. रात्रपाळीचा वॉर्ड उद्या अशाच मुलीवर निर्धास्त सोपवता येतो.

तुझी,
मावशी