रक्तातील औषध, वीर्यातील औषध

एचआयव्हीबाधित पुरुषाच्या रक्तातील विषाणू औषधांनी दबले, म्हणजे वीर्यातीलही दबले असे गृहीत धरता येईल काय? भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला. प्रसार रोखण्याच्या दृष्टीने तेव्हापासून या प्रश्नाला महत्त्व आले. कारण औषध शरीरात सर्वत्र सारखे पोहोचत नाही. वृषणातील सर्टोली पेशी एकमेकींशी घट्ट जोडलेल्या असतात. त्यातून रक्त-वृषण अडसर तयार होतो.

मोजमापासाठी रक्त व वीर्य यांचे नमुने एकाच सुमारास घेतात. वीर्य आधी गोठते, साधारण अर्ध्या तासात पातळ होते. मग पेशी वेगळ्या काढून उरलेल्या द्रवातील औषध मोजतात आणि त्याचे रक्तद्रवातील औषधाशी गुणोत्तर काढतात. लॅमिव्हुडिन व टेनोफोव्हिर यांचे गुणोत्तर एकाहून अधिक येते, तर एफाविरेन्झचे एकदशांशाहूनही कमी.

येथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. समजा, गोळीनंतर दोन तासांनी रक्तात ८ एकके व वीर्यात ४ एकके औषध आहे; गुणोत्तर ०.५. वीस तासांनी रक्तात १ व वीर्यात २ एकके उरली, तर तेच गुणोत्तर २ होते! औषध तेच, रुग्णही तोच. म्हणून एका नमुन्यावर न विसंबता, दोन मात्रांमधील संपूर्ण काळातील आलेखाखालचे क्षेत्रफळ काढणे अधिक विश्वसनीय ठरते.

शिवाय वीर्याचा बहुतांश द्रव शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथींतून येतो; वृषणाचा वाटा अत्यल्प. तेव्हा वीर्यातील आकडा वृषणातील स्थिती सांगतोच असे नाही. एफाविरेन्झ रक्तात ९९ टक्क्यांहून अधिक प्रथिनांना चिकटलेले असते. वीर्यात प्रथिने कमी असल्याने तेथे मुक्त, म्हणजेच कार्यक्षम, अंशाचे प्रमाण वाढते.

एचपीटीएन ०५२ या नऊ देशांतील चाचणीत १,७६३ जोडपी होती. पुणे व चेन्नई ही भारतातील केंद्रे. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार लवकर उपचारांमुळे जोडीदाराकडे होणारा प्रसार ९६ टक्क्यांनी घटला. त्यातील बहुसंख्य रुग्णांच्या औषधयोजनेत एफाविरेन्झच होते.